बदली हा उपाय नव्हे!

पावसाळा आला की आमच्या रस्त्यांची लाज चव्हाट्यावर येते. मग कंत्राटदारावर आग पाखडली जाते, मंत्र्यांचा दौरा निघतो आणि एखाद्या अधिकाऱ्याची बदली करून सरकार हात झटकते. २०११ च्या सुमारास हाती घेतलेले मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण दशक उलटले तरी पुरे झाले नाही. एवढ्या वर्षांत त्याची जबाबदारी नेमकी कोणाची होती, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकेल काय?

म्हणूनच थॉमस हॅरिस मॅकडोनाल्ड या अमेरिकन अधिकाऱ्याच्या कारकीर्दीकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. आयोवा राज्यातील चिखलाच्या रस्त्यांवर वाढलेले हे इंजिनियर १९०४ साली पदवी घेऊन तेथील रस्ते-आयोगात शिरले. १९१९ साली ते केंद्राच्या ब्यूरो ऑफ पब्लिक रोड्सचे प्रमुख झाले आणि १९५३ पर्यंत, म्हणजे तब्बल ३४ वर्षे, त्याच पदावर राहिले. विल्सनपासून आयझेनहॉवरपर्यंत सात राष्ट्राध्यक्ष झाले, सत्तेवरचे पक्ष बदलले. रस्त्यांचा कारभारी बदलला नाही!

या स्थैर्याचे फळ काय? १९२१ च्या कायद्याने प्रत्येक राज्याने आपल्या रस्त्यांपैकी फार तर ७ टक्के महत्त्वाचे रस्ते निवडावेत व केंद्राची मदत त्यांवरच खर्च व्हावी, असे ठरले. निम्मा खर्च केंद्राचा; परंतु राज्याजवळ सक्षम रस्तेखाते हवे आणि बांधलेल्या रस्त्याची निगा त्याने राखलीच पाहिजे. मतदारसंघ पाहून पैसा उधळण्याला असा बांध बसला. कोणता थर किती भार सोसतो, कोठून किती वाहने जातात, याची मोजदाद आधी आणि बांधकाम मागाहून, हा मॅकडोनाल्ड यांचा दंडक होता.

ते चुकलेच नाहीत, असे नव्हे. देशव्यापी टोलरस्ते स्वतःच्या उत्पन्नावर उभे राहणार नाहीत, असे त्यांच्या खात्याने १९३९ च्या अहवालात सांगितले. पुढल्याच वर्षी खुल्या झालेल्या पेनसिल्व्हेनियाच्या टोलरस्त्याने वाहनांचा त्यांचा अंदाज सपशेल खोटा पाडला. महामार्ग शहराच्या पोटात न्यावेत आणि त्याबरोबर गलिच्छ वस्त्याही हटवाव्यात, हा विचारही त्याच अहवालातला. १९५६ साली ४१,००० मैलांचे जाळे मंजूर झाल्यावर त्या विचाराची किंमत अनेक शहरांतील गरीब व कृष्णवर्णीय वस्त्यांनी मोजली. तज्ज्ञाच्या हाती दीर्घकाळ अधिकार द्यावयाचा, तर त्याला जाब विचारणारेही तितकेच जागरूक हवेत.

हा विचार आम्हांस परका नाही. १९२७ साली नेमलेल्या रस्ते-विकास समितीचे अध्यक्ष बॅ. मुकुंदराव जयकर होते. तिच्या शिफारशींतून पेट्रोलवरील जादा कराचा केंद्रीय रस्ते निधी १९२९ साली उभा राहिला आणि १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. निधी आला, शास्त्र आले. आली नाही ती खुर्चीची स्थिरता.

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक मोठ्या महामार्गावर काम पुरे होईतो एकच जबाबदार अधिकारी नेमा. त्याच्या मोजमापांचे आकडे जनतेपुढे ठेवा. आणि रस्ता खचलाच, तर बदलीच्या पळवाटेने त्याची सुटका करू नका. अधिकारी बदलल्याने खड्डे बुजत नाहीत, केवळ जबाबदारी बुजते!