पात्रता बदलते, उमेदवारी संपत नाही

रसायनशास्त्रातील पीएच.डी. मिळाली की प्राध्यापकपद ओघाने येते, हा समज आता सोडून दिला पाहिजे. वाशीम जिल्ह्यातील जऊळक्यासारख्या गावचा विद्यार्थी एम.एस्सी.नंतर प्रयोगशाळेत चार-पाच वर्षे घालवितो, तेव्हा त्याच्या पाठीशी सबंध कुटुंबाची काटकसर उभी असते. त्या वर्षांचे मोल काय, हा प्रश्न केवळ शैक्षणिक नाही. तो अर्थशास्त्राचाही आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली नियम केला की, विद्यापीठातील सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीस १ जुलै २०२१ पासून पीएच.डी. अनिवार्य राहील. ही मुदत दोन वर्षे पुढे गेली आणि जुलै २०२३ पासून नेट, सेट वा स्लेट ही किमान पात्रता ठरून पीएच.डी. ऐच्छिक झाली. अनिवार्य म्हणून ज्याने संशोधनाची वाट धरली, त्याची पदवी हाती येण्यापूर्वीच नियम बदलला. शिवाय मुलाखतीस उमेदवार निवडण्यासाठी २०१८ च्या नियमांत विद्यापीठांकरिता जो गुणतक्ता दिला, त्यात पीएच.डी.ला ३० गुण आणि नेटला अवघे ५! कागदावर ऐच्छिक असलेली पदवी व्यवहारात अपरिहार्यच राहते.

प्रबंधांचा दर्जा सर्वत्र सारखा नसतो. तेव्हा सर्वांना एकच परीक्षा असावी, या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु बहुपर्यायी प्रश्नपत्रिकेवरून प्रयोगशाळेतील हात पारखता येत नाही, हेही तितकेच खरे.

अमेरिकेत रसायनशास्त्राच्या अध्यापकपदापूर्वी पीएच.डी.नंतरही काही वर्षे संशोधन करण्याचा प्रघात आहे. पण ती वर्षे वेतनाची असतात. आपल्याकडे ही उमेदवारी अनेकदा तासिका तत्त्वावर होते. घेतलेल्या तासांपुरते मानधन मिळते. द्रावणे तयार करणे, उपकरणे मांडणे यांत गेलेला वेळ कोणाच्या हिशेबात नसतो, आणि सुट्टी लागली की मिळकतही थांबते.

पात्रता कठोर असण्यास कोणाचा विरोध असू नये. मात्र संशोधनाच्या नोंदणीच्या दिवशी जो नियम असेल, त्याचे संरक्षण उमेदवारास भरतीच्या दिवशीही मिळावे आणि रिक्त जागा दरवर्षी ठरल्या वेळी भरल्या जाव्यात. एवढेही शासनास साधत नसेल, तर खेड्यातील हुशार मुलाला संशोधनाकडे वळण्याचा उपदेश करण्याचा अधिकार त्याला उरत नाही.