उथळ बाजूचा एक तास

प्रति,
मा. आयुक्त व क्रीडा अधिकारी,
महाराष्ट्रातील सर्व महानगरपालिका



सकाळच्या बॅचेस आटोपल्या की आपले बरेचसे जलतरण तलाव संध्याकाळपर्यंत रिकामे असतात. पाणी गाळण्याचं यंत्र चालू, जीवरक्षक सावलीला, फाटकाला कुलूप. त्या वेळातला एक तास, आठवड्यातून दोनदा, तलावाची फक्त उथळ बाजू स्वमग्न मुलांसाठी द्या, एवढंच मागायला हे पत्र लिहिते आहे. हायड्रोथेरपी केंद्र नको. ते मागितलं की आराखडा निघतो, निविदा निघते, कोनशिला बसते आणि तोवर आमच्या पोरांना मिसरूड फुटतं.

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. जमिनीवर त्याला भरलेला वर्ग, रिक्षाचा हॉर्न, लग्नघर, खांद्यावर पडलेला कुणाचा हात, सगळंच अंगावर येतं. छातीभर पाण्यात उतरला की हाच मुलगा निवळतो. पाणी चहूबाजूंनी दाबून धरतं, थंडीत जड गोधडी ओढून घ्यावी तसं. वजन तोललं जातं, हालचाल संथ होते. शिवाय हात फडफडवणारं पोर तिथे कुणाला खटकत नाही, कारण पाण्यात सगळेच हात मारत असतात.

एका खासगी तलावावर काही महिने एक सर त्याला शिकवायचे. फी झेपेना म्हणून ते थांबलं. तिथे चार-पाच मुलं कठडा धरून ओळीत उभी आणि फोमची फळी एकच. पुढच्याची फेरी होईपर्यंत थांबायचं आणि आपला नंबर आला की सरांकडे बघायचं, त्याशिवाय फळी मिळायची नाही. सुरुवातीला हा थेट फळीवर झेपावायचा आणि नाही मिळाली की कान झाकून किंचाळायचा. सर रागावले नाहीत, समजावतही बसले नाहीत. फळी पाण्यावर तशीच धरून उभे राहायचे. एकदा त्याचे डोळे फळीवरून सरांच्या चेहऱ्यावर गेले आणि सरांनी त्याच क्षणी हात सोडला. पुढे पुढे स्वतःची फेरी झाली की तो फळी शेजारच्या मुलीच्या हातात द्यायला लागला, कुणी न सांगता. घरात भावाला रिमोट न देणारा मुलगा!

थांबणं, बघणं, नक्कल करणं, दुसऱ्याला देणं. थेरपिस्टही टेबलाशी बसून हेच शिकवतात, पण तिथे शेजारची मुलगी नसते. म्हणून या तासाला इतर मुलंही हवीत. भावंडं चालतील, शाळेतली चालतील, दोन-तीन असली तरी पुरे. नुसती आमचीच मुलं वेगळी काढून पाण्यात सोडली तर त्यांना पोहायला येईलही, पण दोस्ती कुणाशी करायची?

जादूचा दावा मी करत नाही. तैवानच्या चिएन-यू पान यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १६ मुलगे होते. १० आठवड्यांच्या पोहण्याच्या कार्यक्रमानंतर त्यांची पाण्यातली कौशल्यं वाढली आणि त्रासदायक वर्तन कमी झालं. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी अशा अभ्यासांचा धांडोळा घेतला, तेव्हा निकषांत बसणारे जेमतेम ४ सापडले. म्हणजे आशेला जागा आहे, पुरावा अजून भक्कम नाही. पाण्याने ऑटिझम ‘बरा’ करून देतो असं सांगत कुणी पॅकेज विकायला आलं तर त्याला तलाव भाड्याने देऊ नका, हीही विनंती.

आता जबाबदारीचं. एका तलावाच्या खिडकीवर मला विचारलं गेलं, ‘ताई, काही झालं तर कोण बघणार?’ अर्जात ‘मानसिक विकार नसल्याचा’ दाखला मागितला होता, त्यामुळे विषय तिथेच संपला. खिडकीमागच्या माणसाला मी बोल लावत नाही, त्याच्या हातात तोच छापील कागद होता. पण धोका कुठे आहे ते बघा. कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी अमेरिकेतल्या मृत्युनोंदी तपासून २०१७ मध्ये मांडलं, की १४ वर्षांपर्यंतच्या स्वमग्न मुलांचा बुडून मृत्यू होण्याचा धोका इतर मुलांच्या १६० पट आहे. ही मुलं डोळा चुकवून घराबाहेर पडतात आणि पुष्कळ जणांना पाण्याची ओढ असते. आपल्याकडे तर विहिरी, कालवे, शेततळी, खाणींत साचलेलं पाणी. तिथे ना कुंपण ना जीवरक्षक. आपल्या तलावावर निदान तो तरी आहे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे आणि कलम ३० खेळांच्या उपक्रमांत दिव्यांगांना सामावून घ्यायला सांगतं. तेव्हा दाखल्याची ती ओळ काढा आणि मुलाला कशाची भीती वाटते, काय लागतं, ते विचारा. फिट्स येतात का, हे मात्र जरूर लिहून घ्या. स्वमग्न मुलांत त्यांचं प्रमाण जास्त असतं आणि जीवरक्षकाला ते ठाऊक असायलाच हवं.

मुंबईची जिया राय आपल्याला माहीत असेल. या स्वमग्न मुलीने २०२२ मध्ये पाल्कची सामुद्रधुनी पोहून पार केली, २०२४ मध्ये इंग्लिश खाडी. तिचं कौतुक व्हायलाच हवं. माझ्या मुलाला खाडी पार करायची नाही. त्याला या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत जायचंय, आणि मध्ये कुणी पाणी उडवलं तर उलट उडवायचंय.

खर्च दिव्यांगांसाठीच्या पाच टक्के निधीतून सहज भागेल. त्या तासापुरता लाउडस्पीकर बंद, शिट्टी फक्त धोक्याला. शिकवणारा दर वेळी तोच हवा, आणि जीवरक्षकांना या मुलांबरोबर काम करण्याचं थोडं प्रशिक्षण. कपडे बदलायला एक स्वतंत्र खोली हवी: नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन मी बायकांच्या खोलीत जाऊ शकत नाही, आणि पुरुषांच्या खोलीत तो एकटा जाऊ शकत नाही. तलाव बंद राहणार असेल तर आदल्या दिवशी कळवा. पोहण्याचा चष्मा डोळ्यांवर चढवून आलेल्या मुलाला फाटकावरची ‘आज बंद’ ही पाटी समजावता येत नाही.

उन्हाळी बॅचेसचे अर्ज निघण्याआधी लेखी उत्तराची अपेक्षा आहे.

आपली,
एका स्वमग्न मुलाची आई