पंख्याची घरघर
दिवाळीनंतर शहापूर-मुरबाडकडे वीटभट्ट्या लागल्या की बारीक धूळ संगणकाच्या पंख्यातही शिरते. पंखा घरघरू लागला म्हणून कंपनीला फोन करावा, तर पलीकडचा मुलगा म्हणतो, "फॉरमॅट मारा." भगिनींनो, मारू नका. पंख्याला काही होणार नाही, लेकीचा बारावीचा प्रोजेक्ट मात्र जाईल.

आवाज कसा येतो ते नीट सांगा. टकटक असेल तर बहुधा वायर पात्याला लागते. धूळ काढूनही घरघर राहिली तर बेअरिंग झिजले. आवाज मोबाईलवर टिपून ठेवा, तक्रार क्रमांक मागून घ्या. वॉरंटीत पेटी स्वतः उघडू नका. आणि नंबर बिलावरचाच लावा. इंटरनेटवर 'कस्टमर केअर'च्या नावाने ठगही बसलेत.

"तुमच्या गावाला माणूस येत नाही, कल्याणला आणा," हे उत्तर आपल्याकडे ठरलेलेच! वॉरंटीत घरपोच सेवा लिहिली असेल तर ते मानू नका. १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तिथेही भागले नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यात, म्हणजे ठाण्याच्या ग्राहक आयोगाकडे जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही.