दात पडला म्हणून डाव मोडू नका

दुधाचा दात पडला की तो कौलावर भिरकावायचा, नाहीतर तुळशीत पुरायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. पोरंही खूष असतात, कारण नवा दात येणार हे त्यांना ठाऊक असतं. पण सातव्या-आठव्या वर्षी वरचे पुढचे दोन दात येतात ते कायमचे. त्यानंतर तिसरी खेप नाही. आणि खेळताना मार बसतो तो बहुतेक वेळा नेमका याच दोघांना!

२०१२ साली पाटण्याला महिलांचा पहिला कबड्डी विश्वचषक भारतानं जिंकला, तेव्हा त्या संघात दीपिका जोसेफ, सुवर्णा बारटक्के आणि अभिलाषा म्हात्रे या आपल्या महाराष्ट्राच्या तिघी होत्या. अशांकडे बघून आपल्याही लेकी मैदानात उतरतात, याचा मला मनापासून आनंद आहे. पण पकडीत कुणाचा गुडघा, कुणाचं कोपर तोंडावर बसतं. खो-खोत तोल गेला की खांबच आडवा येतो.

अशा वेळी सगळे रक्त थांबवायला धावतात आणि दात राहतो मातीत. मग संध्याकाळी कुणाला तरी तो सापडतो. साबणानं घासूनपुसून, कागदात गुंडाळून दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेतात. तोवर सगळं संपलेलं असतं. कारण मुळाभोवती जी नाजूक, ओलसर पेशींची झिल्ली असते, तिच्यामुळेच दात हिरडीत पुन्हा धरतो. ती घासली किंवा सुकली की गेली. हातात वेळ असतो तो फार तर तासाभराचा, आणि पहिला अर्धा तास सोन्याचा.

म्हणून मैत्रिणींनो, दात आधी शोधा. पांढऱ्या बाजूनं धरा, मुळाला बोट लावू नका. माती असेल तर गार दुधानं हलकेच धुवा. मुलगी शुद्धीवर आणि शांत असेल तर तो दात शेजारच्या दाताच्या रांगेत बघून सरळ जागेवर बसवा आणि स्वच्छ रुमाल चावून धरायला सांगा. वाचतानाच अंगावर काटा येतो ना? मलाही येतो. पण दाताचे डॉक्टर हेच सांगतात. नाहीच धाडस झालं, तर बिनसाखरेच्या गार दुधात बुडवून न्या. मैदानाबाहेरच्या टपरीवर दुधाची पिशवी असतेच. दूध नसेल तर मुलीचीच थुंकी वाटीत घेऊन त्यात ठेवा, पण पाण्यात ठेवू नका. दाताचा तुकडा पडला असेल तर तोही न्या, पुष्कळदा तो चिकटवता येतो. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही, खालच्या नव्या दाताला इजा होते. आणि मुलीला भोवळ किंवा उलटी होत असेल, तर दात राहू द्या, आधी मोठा दवाखाना गाठा.

डॉक्टर तो दात शेजारच्या दातांना बारीक तारेनं साधारण दोन आठवडे बांधून ठेवतात, धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारतात. मूळ पूर्ण वाढलेलं असेल तर रूट कॅनॉलही करावं लागतं. असा दात जन्मभर टिकेलच असं नाही. पण काही वर्षं टिकला तरी खूप झालं, कारण इम्प्लांट जबड्याची वाढ पूर्ण झाल्याशिवाय बसवत नाहीत. बारा वर्षांच्या मुलीला तोवर काढता-घालता येणाऱ्या दातावरच दिवस काढावे लागतात.

याच काळात घरात एक वाक्य ऐकू येतं, "बास झालं आता खेळणं, उद्या लग्नाच्या वेळी काय?" मुलाचा दात पडला तर चार दिवसांनी तो पुन्हा मैदानात असतो. मुलीचं मात्र नावच संघातून कमी होतं. दात गेला त्याहून मला हे जास्त लागतं.

खरा उपाय आहे माउथगार्ड. बॉक्सिंगच्या मुली वापरतात तोच, दातांवर बसणारा मऊ टोप. गरम पाण्यात मऊ करून चावून बसवायचा मिळतो, तो काही शे रुपयांत येतो. डॉक्टरांकडून मापाचा करून घेतला तर महाग पडतो, पण चढाईला जाणाऱ्या मुलीला तोच बरा. तोंडात सैल काहीतरी घेऊन दमात 'कबड्डी कबड्डी' म्हणून बघा म्हणजे कळेल! ज्यांचे वरचे दात पुढे आहेत त्यांना धोका जास्त, आणि दातांना तार लावलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.

शाळा जर्सीसाठी वर्गणी काढते, तेव्हा पालकसभेत उठून माउथगार्डचंही विचारा. वापरून झाल्यावर तो गार पाण्यानं धुवायचा, उन्हात ठेवायचा नाही, भोकं असलेल्या डबीत ठेवायचा आणि कितीही जिवलग मैत्रीण असली तरी तिला घालायला द्यायचा नाही. वाढत्या वयात नवे दात येतात, तसा तो घट्ट होतो. म्हणून दर हंगामाच्या सुरुवातीला एकदा घालून बघायला सांगा.