मुंबईची नौका, लखनौचे अस्त्र

लखनौहून कोणत्याही दिशेने निघाले तरी समुद्र शेकडो कोस दूर राहतो. तरीही या शहराच्या नदीचे नाव भारतीय नौदलात दोनदा मिरवले गेले. पहिली ‘गोमती’ १९५३ साली ब्रिटनकडून घेतलेली, हंट वर्गातील जुनी नौका. तिचे वजन हजार टनांच्या आसपास होते, पण तिची गणना विनाशिकांमध्ये होत असे. दुसरी ‘गोमती’ मुंबईच्या माझगाव गोदीत बांधली गेली. १६ एप्रिल १९८८ रोजी ती सेवेत दाखल झाली आणि चौतीस वर्षांच्या सेवेनंतर २८ मे २०२२ रोजी मुंबईतच निवृत्त झाली. ती पहिलीच्या तिपटीहून मोठी होती, पण तिचा वर्ग फ्रिगेटचा, म्हणजे विनाशिकेहून एक पायरी खालचा. तिच्यावरील युद्धसामग्री लखनौत गोमतीकाठी खुल्या संग्रहालयात मांडण्याचे त्या वेळी ठरले. लहान नौका वरच्या वर्गात आणि मोठी खालच्या वर्गात, हे कोडे वरकरणी शब्दांचे वाटेल. परंतु त्याच्या उत्तरात संरक्षणविषयक स्वावलंबनाच्या आजच्या दाव्याची कसोटीही दडलेली आहे.

हिंदी वृत्तपत्रे या नौकेला ‘विध्वंसक’ म्हणतात, आपण ‘विनाशिका’ म्हणतो. विनाश कोणाचा, हे मात्र दोन्ही शब्द सांगत नाहीत. मूळ इंग्रजी संज्ञा ‘टॉर्पेडो बोट डिस्ट्रॉयर’, म्हणजे पाणतीर सोडणाऱ्या नौकांचा नाश करणारी नौका, अशी होती. रॉबर्ट व्हाइटहेड या इंग्रज अभियंत्याने १८६६ साली स्वयंचलित पाणतीर सिद्ध केला आणि सागरी युद्धाचे गणित उलटले. मूठभर खलाशांची छोटी, वेगवान नौका रात्रीच्या अंधारात येऊन अवाढव्य युद्धनौकेला जलसमाधी देऊ शकेल, ही धास्ती युरोपातील सर्व मोठ्या नौदलांनी घेतली. तिच्यावरचा उतारा म्हणून स्पेनच्या फर्नांदो व्हियामिल यांच्या कल्पनेतून ‘देस्त्रुक्तोर’ साकारली आणि १८८६ साली तिचे जलावतरण झाले. ब्रिटनची ‘हॅवॉक’ १८९३ साली आली. मोठ्या नौकांच्या ताफ्याभोवती फिरणारा तो चपळ पहारेकरी होता. पुढे त्याने शत्रूचे पाणतीर स्वतःच उचलले आणि मूळ पाणतीर नौकेची सद्दी संपली. दोन महायुद्धांत तर पाणबुड्यांचा माग काढणे आणि व्यापारी काफिल्यांना सोबत करणे हेच विनाशिकेचे मुख्य काम ठरले.

स्वतंत्र भारताकडे १९४९ साली आलेल्या ‘राजपूत’, ‘रणजित’ आणि ‘राणा’ या तीन विनाशिका त्याच परंपरेतल्या होत्या. ब्रिटिशांनी महायुद्धात वापरलेल्या त्या नौका होत्या. १९७१च्या युद्धात विशाखापट्टणमबाहेर पाकिस्तानची ‘गाझी’ पाणबुडी बुडाली. ‘राजपूत’ने टाकलेल्या जलस्फोटकांनी ती बुडाली, असे भारताचे म्हणणे, तो तिच्याच पोटातील स्फोट होता, असे पाकिस्तानचे. पण त्याच युद्धात, ४ डिसेंबरच्या रात्री, कराचीसमोर याहून मोठा धडा मिळाला. ‘निर्घात’ या सुमारे दोनशे टनांच्या भारतीय क्षेपणास्त्र नौकेने पाकिस्तानची ‘खैबर’ ही विनाशिका बुडवली. तिची दोन क्षेपणास्त्रे त्यासाठी पुरेशी ठरली. चार वर्षांपूर्वी, ऑक्टोबर १९६७ मध्ये, इजिप्तच्या अशाच नौकांनी इस्रायलच्या ‘ऐलात’ या विनाशिकेची तीच गत केली होती. छोट्या नौकांच्या नाशासाठी जन्मलेल्या विनाशिकेचाच नाश छोट्या नौकांनी केला. पाणतीराच्या जागी क्षेपणास्त्र आले, एवढाच काय तो फरक. कराचीवरील त्या हल्ल्याच्या स्मरणार्थ आपण ४ डिसेंबरला नौदल दिन पाळतो. मात्र विजयाच्या आनंदात त्याचा हा दुसरा अर्थ सहसा लक्षात घेतला जात नाही.

नौदलाच्या धुरीणांनी तो घेतला असावा, असे पुढील बांधणी सांगते. १९८०च्या दशकात सोव्हिएत संघाकडून आलेल्या नव्या ‘राजपूत’ वर्गाच्या पाच विनाशिका क्षेपणास्त्रधारी होत्या. त्यांची बांधणी आज युक्रेनमध्ये असलेल्या मिकोलाइव शहरात झाली होती. १९९७ साली माझगाव गोदीची ‘दिल्ली’ आली आणि भारत स्वतः विनाशिका बांधू लागला. तेव्हापासून ‘दिल्ली’ वर्गाच्या तीन, ‘कोलकाता’ वर्गाच्या तीन आणि ‘विशाखापट्टणम’ वर्गाच्या चार अशा दहा विनाशिका या एकाच गोदीने दिल्या. गोव्याच्या बंदराचे नाव धारण करणारी ‘मोरमुगाव’ त्यांपैकीच एक. अखेरची ‘सुरत’ १५ जानेवारी २०२५ रोजी सेवेत आली. लांबी १६४ मीटर, वजन सुमारे ७,४०० टन आणि स्वदेशी घटक ७५ टक्के, असे तिचे वर्णन सरकारने केले.

वजनावरून वर्ग ठरत नाही, याचा प्रत्यय त्याच दिवशी आला. ‘सुरत’सोबत ‘निलगिरी’ ही फ्रिगेटही सेवेत दाखल झाली आणि तिचे वजन १९९७च्या ‘दिल्ली’ या विनाशिकेच्या जवळपास बरोबरीचे आहे. कालची विनाशिका आज फ्रिगेट ठरावी, असा हा प्रवास आहे. जपानचे उदाहरण याहून बोलके. सपाट धावपट्टीची ‘इझुमो’ ही जपानी नौका दिसायला विमानवाहू. पण तिची सरकारी नोंद संरक्षक नौकेच्या, इंग्रजीत विनाशिकेच्या, वर्गात होते. युद्धाचा त्याग करणाऱ्या राज्यघटनेच्या चौकटीत विमानवाहू नौका हा शब्द अडचणीचा ठरतो. नौकेचा वर्ग हा असा धोरणाचाही शब्द असतो. तेव्हा वर्गाचे नाव बाजूला ठेवून नौकेवर काय आहे आणि ते कोठून येते, हे पाहणे श्रेयस्कर.

येथेच लखनौचा संबंध येतो. आपल्या आधुनिक विनाशिकांचे मुख्य प्रहारास्त्र ‘ब्राह्मोस’ हे आहे. ‘कोलकाता’ आणि ‘विशाखापट्टणम’ या दोन वर्गांच्या सात विनाशिकांवर प्रत्येकी सोळा, म्हणजे एकूण ११२ ब्राह्मोस बसतात. या क्षेपणास्त्राच्या जुळणीचा आणि चाचणीचा नवा प्रकल्प ११ मे २०२५ रोजी लखनौत सुरू झाला. लखनौचे खासदार आणि २०१९ पासून संरक्षण खात्याची धुरा वाहणारे राजनाथ सिंह यांनी त्याचे उद्घाटन केले आणि १८ ऑक्टोबर २०२५ रोजी पहिली खेप बाहेर पडली. वर्षाला ८० ते १०० क्षेपणास्त्रे, अशी त्याची क्षमता सांगितली गेली आहे. सगळे उत्पादन केवळ या सात नौकांना दिले, तरी त्या एकदा भरण्यास वर्षाहून अधिक काळ लागेल. आणि भूदल व वायुदल याच अस्त्राचे वाटेकरी आहेत. लखनौची भर म्हणूनच मोलाची आहे. मुंबईची नौका आणि लखनौचे अस्त्र ही जोडी केवळ भाषणापुरती नाही.

मात्र या जोडीत तिसरा, न बोलावलेला भागीदार आहे. ‘दिल्ली’पासून ‘सुरत’पर्यंतच्या विनाशिका ज्या गॅस टर्बाइनवर धावतात, ती युक्रेनची, त्याच मिकोलाइवची आहेत. आणि ब्राह्मोस हे रशियाच्या भागीदारीतले क्षेपणास्त्र आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये या दोन देशांत युद्ध पेटले, तेव्हा आपल्या एकाच विनाशिकेचे पाय एका देशाचे आणि हात दुसऱ्याच्या साह्याने घडलेले, असा पेच उभा राहिला. पंचाहत्तर टक्के स्वदेशी घटकांचा आकडा खरा मानला, तरी उरलेल्या पंचवीस टक्क्यांत इंजिन असेल, तर प्रश्न टक्क्यांचा राहत नाही. इंजिनाविना विनाशिका गोदीतच राहते.

दुसरी चिंता सातत्याची आहे. २००१ साली ‘मुंबई’ ही विनाशिका सेवेत आल्यावर पुढची ‘कोलकाता’ येण्यास २०१४ उजाडले. ‘कोलकाता’चे जलावतरण २००६ साली झाले होते, तरी नौदलाच्या हाती येण्यास तिला आठ वर्षे लागली. त्या प्रकल्पाचा खर्च ३,५८० कोटींवरून ११,६६२ कोटींवर गेल्याची नोंद महालेखापरीक्षकांनी केली होती. याउलट ‘सुरत’चे जलावतरण १७ मे २०२२ रोजी, ‘गोमती’च्या निवृत्तीपूर्वी अवघे अकरा दिवस, झाले आणि तीन वर्षांच्या आत ती सेवेत आली. गोदीने कमावलेले हे कसब हातांत असते, कागदावर नसते. एका वर्गाची बांधणी संपताना पुढच्या वर्गाचे काम तयार नसेल, तर कुशल वेल्डर आणि तंत्रज्ञ अन्यत्र जातात आणि तेरा वर्षांच्या खंडाची पुनरावृत्ती होते. पुढील पिढीच्या विनाशिकेचा निर्णय म्हणूनच रेंगाळता कामा नये, आणि त्या निर्णयात स्वदेशी सागरी टर्बाइनला क्षेपणास्त्राइतकेच वजन हवे.

विनाशिकेचे काम विनाशापुरते उरलेले नाही, याची साक्ष मार्च २०२४ मध्ये मिळाली. भारतीय किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटरवर ‘कोलकाता’ने अपहृत ‘रुएन’ हे मालवाहू जहाज चाळीस तास रोखून धरले. नौदलाच्या कमांडोंच्या साह्याने ३५ चाचे शरण आले आणि १७ खलाशी सुखरूप सुटले. मूळचे पहारेकऱ्याचे काम विनाशिका आजही करते. हा पहारेकरी किती काळ उभा राहील, हे त्याच्या हातातील अस्त्राइतकेच त्याच्या पायांतील बळावर अवलंबून आहे. अस्त्राची जुळणी आता लखनौत होते. पायांतील बळाचा पत्ता अजून मिकोलाइवचाच आहे आणि तो बदलण्याचा निर्णय दिल्लीत व्हायचा आहे.