हिसकावलेल्या चेंडूचा भरवसा किती?

ग्रीन बे पॅकर्स या संघाने २०११ च्या हंगामात साखळीतील १६ पैकी १५ सामने जिंकले, तेव्हा त्याच्या बचावफळीची एक विसंगती कौतुकाच्या गदारोळात झाकली गेली होती. या बचावफळीने प्रतिस्पर्ध्यांचे तब्बल ३१ पास अडवून चेंडू आपल्या ताब्यात घेतले होते. मात्र त्याच हंगामात तिने एनएफएलमधील सर्व ३२ संघांत सर्वाधिक यार्डही बहाल केले. पासवरील ४,७९६ यार्ड हा तर तोवरचा नकोसा विक्रम होता. हिशेब चुकता झाला तो १५ जानेवारी २०१२ रोजी, घरच्या मैदानावर. न्यूयॉर्क जायंट्सच्या इलाय मॅनिंगने ३३० यार्डांचे पास टाकले, पॅकर्सनेच चार वेळा चेंडू गमावला आणि सामना ३७-२० असा हातचा गेला. चेंडू हिसकावून जगणाऱ्या संघाचा अंत चेंडू हिसकावला जाऊनच झाला.

अमेरिकन फुटबॉलमध्ये आक्रमक संघाला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार संधी मिळतात. बचाव करणाऱ्यांपुढे दोन वाटा असतात. एक म्हणजे इंच इंच जमीन नाकारून चेंडू परत करण्यास भाग पाडणे. दुसरी म्हणजे पास मध्येच झेलणे किंवा धावणाऱ्याच्या हातून चेंडू पाडणे, म्हणजेच 'टर्नओव्हर' घडवणे. क्रिकेटच्या भाषेत सांगायचे तर धावा रोखून धरायच्या की बळी घ्यायचे, असा हा पेच आहे; फरक इतकाच, की येथे एक बळी अनेकदा अख्खा सामना फिरवतो. जानेवारी २००३ मधील सुपर बाऊलमध्ये टॅम्पा बे संघाने ओकलंडचे पाच पास पळवले, त्यांतील तीन थेट टचडाउनमध्ये परिवर्तित केले आणि ४८-२१ असा विजय मिळवला. असे सामने प्रशिक्षकांच्या मनात घर करून राहतात.

शिकागो बेअर्सचे तत्कालीन मुख्य प्रशिक्षक लव्ही स्मिथ यांनी तर चेंडू हिसकावणे हाच बचावाचा मूलमंत्र केला. त्यांच्या संघाने २००६ मध्ये ४४ वेळा चेंडू मिळवला आणि सुपर बाऊलपर्यंत धडक मारली. पुढच्याच वर्षी मात्र हाच संघ ७-९ असा घसरला. २०१२ मध्ये पुन्हा ४४ चा आकडा गाठला गेला. चार्ल्स टिलमन या बचावपटूने ठोसा मारून चेंडू पाडण्याचे तंत्र इतके घोटले होते, की त्याने एकट्याने दहा वेळा प्रतिस्पर्ध्यांच्या हातून चेंडू सोडवला. पहिल्या आठपैकी सात सामने जिंकलेला हा संघ अखेर १०-६ वर थांबला, बाद फेरीस मुकला आणि ३१ डिसेंबर २०१२ रोजी स्मिथ यांची गच्छंती झाली. दोष बचावाचा नव्हता, आक्रमण लंगडे होते, हे मान्य करावेच लागेल.

ठोसा मारणे हे कौशल्य आहे. पण खाली पडलेला लंबगोल चेंडू कोणत्या दिशेला उसळेल, हे टिलमनलाही सांगता येत नसे. पडलेला चेंडू कोणाच्या हाती लागतो, हे बव्हंशी नाणेफेकीसारखेच आहे. अडवलेल्या पासांचे प्रमाणही आटत चालले आहे. सत्तरच्या दशकात शंभर पासांमागे सुमारे पाच अडवले जात. अलीकडच्या हंगामांत ते प्रमाण अडीचच्याही खाली आले आहे. आजचा क्वार्टरबॅक जोखीम टाळून आखूड पास टाकतो. त्याच्या चुकीवर विसंबणारा बचाव आटत्या विहिरीवर शेती करतो आहे.

शिकागोचेच २०१८ आणि २०१९ हे हंगाम याबाबत बोलके आहेत. पहिल्या वर्षी ३६ वेळा चेंडू मिळाला, १२ विजय पदरात पडले. दुसऱ्या वर्षी चेंडू १९ वेळाच मिळाला आणि विजय आठवर आले. प्रतिस्पर्ध्यांना दिलेले गुण मात्र २८३ वरून जेमतेम २९८ झाले. म्हणजे बचावाचा मूळ कस फारसा ओसरला नव्हता, ओसरली होती ती वरकमाई. आणि संघाचा संसार त्या वरकमाईवरच चालला होता.

अर्थात, या मताला छेद देणारे उदाहरणही आहे. डॅलस काउबॉईजने २०२१ मध्ये ३४ आणि २०२२ मध्ये ३३ वेळा चेंडू मिळवून सलग दोन वर्षे अग्रस्थान राखले. १९७२ ते १९७४ या काळातील पिट्सबर्गनंतर हे कोणालाही जमले नव्हते. ट्रेव्हॉन डिग्सने २०२१ मध्ये ११ पास पळवले, पण जुगारी पवित्र्यापायी त्याने यार्डही मुक्तहस्ते वाटले. दोन्ही वर्षी डॅलसने १२ सामने जिंकले आणि दोन्ही वर्षी सॅन फ्रान्सिस्कोकडून बाद फेरीत हार पत्करली. तेव्हा हे कौशल्य टिकवता येते, हे खरे. ते पुरेसे ठरते, असे म्हणणे धाडसाचे होईल.

सिएटलने २०१३ मध्ये सर्वाधिक ३९ वेळा चेंडू मिळवला आणि सुपर बाऊलही ४३-८ असा जिंकला. पण हा संघ सर्वांत कमी गुण आणि सर्वांत कमी यार्ड देणाराही होता. तेथे चेंडू मिळणे हे घट्ट बचावाचे फळ होते.

२०२३ च्या हंगामात बाल्टिमोर आणि न्यूयॉर्क जायंट्स या दोन संघांनी प्रत्येकी ३१ वेळा चेंडू मिळवून अव्वल स्थान वाटून घेतले. बाल्टिमोरने प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकला ६० वेळा लोळवले, सर्वांत कमी गुण दिले आणि १३ सामने जिंकले. जायंट्सच्या वाट्याला सहा विजय आले. आकडा एकच, पण त्यामागचे खेळणे वेगळे. त्याच हंगामात कॅन्सस सिटीला अवघ्या १७ वेळा चेंडू मिळाला होता. तरीही सर्वांत कमी गुण देणाऱ्यांत हा संघ दुसरा होता, कारण त्याचा भर क्वार्टरबॅकवरील दडपणावर आणि घट्ट पहाऱ्यावर होता.

२८ जानेवारी २०२४ रोजी हे दोन संघ समोरासमोर आले. ३१ वाल्या बाल्टिमोरला त्या दिवशी एकदाही चेंडू हिसकावता आला नाही. १७ वाल्या कॅन्सस सिटीने तो तीनदा मिळवला. त्यांतील एक तर गोलरेषेच्या अगदी तोंडाशी, लजेरियस स्नीडने टिलमनची आठवण करून देणारा ठोसा मारून पाडलेला. कॅन्सस सिटीने सामना १७-१० असा जिंकला आणि दोन आठवड्यांनी सुपर बाऊलही.