आकाश कोणाच्या मालकीचें?

आपल्या आज्यापणज्यांच्या काळीं एकत्र कुटुंबांत एक प्रश्न सहसा कोणी विचारीत नसे. पुरुषांची पंगत उठल्यावर मागाहून बसणाऱ्या सुनांच्या पानांत काय उरलें, हा तो प्रश्न. न विचारण्यांत दुष्टपणा क्वचितच असे. जिच्या पानांत कमी पडे ती बोलत नसे, आणि जे बोलत त्यांच्या पानांत कमी पडत नसे, एवढेंच त्याचें कारण. घराची ही गोष्ट समाजालाहि लागू आहे. वांटणी न्याय्य व्हावी असें म्हणणारे पुष्कळ. परंतु वांटणीविषयीं बोलावें कोणीं, याचा विचार करणारे थोडे. सामुदायिक नभोवाणी या नांवाचा जो उद्योग गेल्या वीस वर्षांत आपल्या देशांत उभा राहिला आहे, त्याकडे या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे.

प्रथम कायद्याची हकीकत सांगितली पाहिजे. १९९३ सालीं क्रिकेटच्या कांहीं सामन्यांचें दूरचित्र-प्रक्षेपण कोणीं करावें, यावरून सरकारी खातें आणि बंगालची क्रिकेट-संस्था यांच्यांत तंटा जुंपला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि ९ फेब्रुवारी १९९५ रोजीं त्याचा निकाल लागला. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ति पी. बी. सावंत या महाराष्ट्रीय न्यायाधीशांनीं लिहिलें होतें. आकाशांतील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिचा उपयोग लोकांच्या हितासाठींच झाला पाहिजे, आणि तिच्यावर सरकारची मक्तेदारी असूं नये, असें न्यायालयानें ठरविलें. आकाश जर सर्वांचें, तर ज्याच्यापाशीं पैसा नाहीं व पदवी नाहीं त्याचाहि त्यांत वांटा आहे, हें ओघानेंच आलें.

तत्त्व मान्य झालें तरी वांटा हातीं येण्यास वेळ लागला. ज्यांना लिलावांत बोली लावतां येत होती त्यांच्या व्यापारी वाहिन्या २००१ पासून सुरू झाल्या. शिक्षणसंस्थांना २००२ च्या अखेरीस परवानगी मिळाली, आणि चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचें केंद्र २००४ च्या फेब्रुवारींत बोलूं लागलें. खेड्यांत काम करणाऱ्या सेवाभावी संस्थांना दार उघडलें तें मात्र नोव्हेंबर २००६ मध्यें. त्यांना घातलेल्या अटींपैकीं एक फार मोलाची आहे. ती अशी कीं, निदान अर्धे कार्यक्रम त्याच भागांत, तेथील लोकांना बरोबर घेऊन तयार झालेले असावेत.

या दाराशीं दहा वर्षें तिष्ठत राहिलेल्या बायका तेलंगणांतील जहीराबादजवळच्या आहेत. हा मुलूख आपणांस परका नाहीं. १९५६ पर्यंत तो आणि आपला मराठवाडा एकाच हैदराबाद राज्यांत होते. तेथील डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या संस्थेनें १९८३ पासून गांवोगांवच्या गरीब, बहुतेक दलित, शेतकरी स्त्रियांचे संघ उभे केले. युनेस्कोच्या साहाय्यानें माचनूर या खेड्यांत ध्वनिमुद्रणाची सर्व सिद्धता १९९८ मध्येंच झाली होती. पण परवाना नव्हता. म्हणून त्या बायांनीं आपलीं बोलणीं आणि गाणीं फितींवर मुद्रित करून संघांच्या बैठकींतून एकमेकींना ऐकविलीं. अखेर १५ ऑक्टोबर २००८ रोजीं ‘संघम् रेडिओ’ सुरू झाला. उद्घाटन झालें तें न्यायमूर्ति सावंत यांच्याच हस्तें. केंद्राचा कारभार दोघी दलित तरुणींकडे होता, आणि आवाज पोंचत होता सभोंवारच्या सुमारें पंचवीस किलोमीटरांत.

त्या बोलल्या कशाविषयीं? बियाणें, सण, घरगुती औषधें, आणि ज्वारी, राळे, सावा, तूर एकाच रानांत मिसळून पेरण्याची त्यांची जुनी रीत, यांविषयीं. ऐकणाऱ्याला ही नुसती लोकसंस्कृति वाटेल; पण तिच्या आड पोटाचा हिशेब आहे. १९८३ सालीं आंध्र प्रदेशांत दोन रुपये किलोचा तांदूळ सुरू झाला. उपाशी माणसाला तो मोठा आधार होता, हें नाकारतां येणार नाहीं. परंतु तो तांदूळ बाहेरून येई. कोरडवाहू रानांतील ज्वारीचें महत्त्व कमी झालें, रानें पडीक राहूं लागलीं, आणि त्यांबरोबर मजुरीहि बुडाली. संघांतील स्त्रियांनीं पुढच्या दशकांत यावर स्वतःच उपाय काढला. पडीक रान असलेल्या लहान शेतकऱ्याला लागवडीसाठीं रक्कम द्यावयाची. त्यानें ती ज्वारीच्या रूपानें फेडावयाची. तें धान्य गांवांतच सांठवावयाचें. आणि टंचाईच्या दिवसांत अति गरिबांना स्वस्त दरानें द्यावयाचें. अति गरीब कोण, हें सरकारी कागदानें नव्हे, तर गांवानें एकत्र बसून ठरवावयाचें. जेथें माणसांना उघड बोलण्याची संवय आहे तेथेंच अशी वांटणी साधते.

आपण मराठी वाचकांनीं ध्यानांत घ्यावें असें आणखी कांहीं यांत आहे. मोठ्या केंद्रांवरची तेलुगु आपली नव्हे, ती किनाऱ्याकडच्या सुशिक्षितांची, अशी या बायांची तक्रार होती. स्वतःच्या केंद्रावर त्या आपल्या बोलींतच बोलल्या. पुण्याची भाषा शुद्ध आणि माणदेशाची वा वऱ्हाडाची अशुद्ध, असें मानून आपणहि कित्येक पिढ्या काढल्या आहेत. हा केवळ व्याकरणाचा वाद नव्हे. एखाद्याची भाषा अशुद्ध ठरली कीं तिच्यांतलें ज्ञान अडाणी ठरतें. आणि ज्ञान अडाणी ठरलें कीं त्याच्या श्रमाचा भाव पाडून मागण्यांत कोणाला संकोच वाटत नाहीं.

आपल्या सातारा जिल्ह्यांतहि याचें उदाहरण आहे. म्हसवडला १९९७ सालीं माणदेशी महिला सहकारी बँक निघाली. पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेनें नाकारला, कारण प्रवर्तक स्त्रिया निरक्षर होत्या. त्या लिहावाचावयास शिकल्या, पुन्हां गेल्या, आणि व्याजाचा हिशेब आम्ही तोंडीं करून दाखवितों असें म्हणाल्या. त्याच परिवारांतून २००८ मध्यें ‘माणदेशी तरंग वाहिनी’ सुरू झाली. सही येत नाहीं म्हणून जिला हिशेब येत नाहीं असें समजलें गेलें, तिच्या बोलीला अशा रीतीनें ध्वनिक्षेपक मिळाला.

कोणी म्हणतील, चार गांवांत ऐकूं येणाऱ्या आवाजानें काय होणार? आक्षेप अगदींच निराधार नाहीं. देशांत अशीं केंद्रें पांचशेंच्या आसपासच आहेत. त्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची मोकळीक नाहीं. आणि गांवांतील वजनदार मंडळी येथेंहि पुढें घुसूं शकतात. परंतु मोठ्या वाहिनीचा श्रोता जन्मभर श्रोताच राहतो. येथें आज ऐकणारी बाई उद्यां बोलावयास येऊन बसूं शकते. लहानपणाचा हा लाभ थोडा नव्हे.

२०२३ हें वर्ष संयुक्त राष्ट्रांनीं भरड धान्यांचें वर्ष म्हणून पाळलें. आपल्या सरकारनें त्या धान्यांना ‘श्रीअन्न’ असें गौरवाचें नांव दिलें, आणि काल ज्याला गरिबाचें खाणें म्हणत तें राळे व सावा आज शहरांतील पुष्कळ घरीं आरोग्यासाठीं येतात. पुडीवर किंमत छापलेली असते. पिकविणारीच्या हातीं त्यांतलें किती पडलें तें छापलेलें नसतें. गृहिणींनीं तें विचारावें, आणि शक्य तेथें स्त्रियांच्या गटांकडूनच धान्य घ्यावें. व्यासपीठ, वर्तमानपत्र, शाळा, नभोवाणी या सर्व ठिकाणीं आपल्यासारख्या घरांतील माणसें पुष्कळ बोललीं आहेत. आतां थोडें ऐकणें हेंहि कर्तव्यच आहे. म्हसवडच्या बाजूस जाणें झालें, तर गाडींतला रेडिओ ९०.४ वर लावावा आणि बरोबरच्या मुलांनाहि तो ऐकूं द्यावा.